तीनदा सांगितलेली बातमी

हेमकांतला बढतीचं पत्र मिळून तीन दिवस झाले होते. रूपालीला ते सापडलं धुवायला काढलेल्या शर्टाच्या खिशात. पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यात अकरा वर्षं उसाचा रस तपासणारा तिचा नवरा आता तिथल्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला होता.

"तुम्ही माले सांगं का बरं नही?"

"सांगणार व्हतू," तो म्हणाला आणि चोरी पकडली गेल्यासारखा खाली बघू लागला.

रूपालीला राग आला नाही. मुलगी झाली तेव्हाही तो असाच गप्प झाला होता. लहानपणी चौथीत स्कॉलरशिप मिळाली म्हणून कळसाडीच्या घरी तो अंगणात नाचला, तेव्हा त्याचे वडील भटूदादा घाबऱ्या आवाजात म्हणाले होते, "इतला हासू नको. उद्या रडनं पडी." दादा स्वतः सात वर्षांचे असताना सारंगखेड्याच्या जत्रेतून हसत घरी आले, तर ओट्यावर आईचं प्रेत ठेवलेलं. तेव्हापासून त्यांना आनंदाची धास्ती बसली, ती मुलातही उतरली.

रूपालीचं माहेर लोणखेड्याचं. तिचे वडील दोधूअप्पा पपईला पहिलं फळ लागलं तरी गल्लीभर सांगत सुटायचे. तिने त्यांनाच फोन केला. संध्याकाळी अप्पा जिलेबीचा पुडा घेऊन हजर.

"जवाई, काय व्हयनं ते सांगा."

"बढती व्हयनी."

"असं नही. सुरुवातपाईन सांगा."

हेमकांतने सांगितलं. अप्पांनी पुन्हा सांगायला लावलं. तिसऱ्या खेपेला त्याला आठवलं, पत्र वाचताना हसू फुटलं होतं, आणि कुणी बघू नये म्हणून तो उसाच्या ट्रॉल्यांमागे जाऊन उभा राहिला होता. हे सांगताना तो हसला. लगेच हात तोंडावर गेला. सहा वर्षांच्या मुलीने तो खाली ओढला.

"पप्पा, तुम्हाला खळी पडते!"

रविवारी तो कळसाडीला गेला. बातमी ऐकून भटूदादांचा चेहरा पडला. "बरं व्हयनं," एवढंच ते पुटपुटले. हेमकांत खाटेवर त्यांच्या अगदी जवळ बसला.

"दादा, काही वाईट व्हनार नही. मी आठेच शे, तुमना जवळ."

दादांनी त्याचं मनगट धरलं. उन्हं उतरली, शहाद्याकडे परतायच्या बसची वेळ झाली, तरी त्यांनी ते सोडलं नव्हतं.