मुंगीचं सोंग

जन्मभर लोकांचे डोळे तपासून चष्मेवाल्यांना एक खोड लागली होती. दुसऱ्या कुणाला धड दिसतं, यावर त्यांचा विश्वासच नव्हता. स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चाललाय, ते राहू द्या! बायकोने ऑपरेशनचं नाव काढलं की स्वारी दुकानात जायची, भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवायची आणि वर विचारायची, "बोल, कुठाय मोतीबिंदू?"

खरं म्हणजे ऑपरेशनच्या नुसत्या विचारानेच त्यांना भीती वाटायची. गिऱ्हाइकांना मात्र "काही होत नाही हो" म्हणायला पुढे!

एका सकाळी बायकोने बागेतून हाक मारली. "अहो, लिंबाच्या पानावर कोळी आहे बघा."

चष्मेवाले वाकून म्हणाले, "कोळी कसला? काळी मुंगी आहे. सहा पाय, पुढे मिशा."

"मिशा नव्हेत त्या. पुढचे दोन पाय वर धरलेत. उड्या मारणारा कोळी आहे तो, मुंगीचं सोंग घेतलंय."

"अगं, सोंगं माणसं घेतात."

"ते बघतेच की रोज," बायको म्हणाली.

झालं, पैज लागली. मुंगी निघाली तर बायकोने ऑपरेशनचा विषय कायमचा सोडायचा. कोळी निघाला तर यांनी मुकाट्याने डॉक्टरची वेळ घ्यायची.

बायकोने पानाला टिचकी मारली. प्राणी पडला खरा, पण जमिनीपर्यंत पोचलाच नाही. अधांतरी लोंबकळत राहिला.

"मुंगी कधी धाग्याला लटकते का हो?" बायकोने विचारलं. "दिसतोय ना धागा?"

"दिसतोय की! स्वच्छ!"

"मग वर कुठे चिकटलाय, तेवढं दाखवा."

चष्मेवाल्यांनी ठसक्यात बोट दाखवलं आणि आपलाच आवाज ऐकून चपापले. अंदाजपंचे अक्षर सांगणाऱ्या गिऱ्हाइकाचा आवाज असाच चढतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? बायकोने हलकेच त्यांचं बोट धरलं आणि चांगलं वीतभर बाजूला सरकवलं.

"तो तक्ता मला पाठ आहे," ते पुटपुटले.

"माहितीये. ऐकून ऐकून मलाही झालाय."

कोळी धागा चढून पुन्हा पानावर गेला आणि मुंगीसारखा ऐटीत फिरू लागला.

"एक सांगू?" बायको म्हणाली. "आधी मलाही मुंगीच वाटली होती."

"म्हणजे लबाडी केलीस!"

"लबाडी कसली? जवळून नीट बघितलं, तेव्हा कळलं. काल तुम्ही जिन्याची पायरी चुकलात ना, तेव्हा काळजाचं पाणी झालं माझं. हातपाय मोडून घेतलेत तर मी भांडू कुणाशी?"

चष्मेवाल्यांनी खिशातून फोन काढला. डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मग बायकोच्या हातात दिला.

"डॉक्टरचा नंबर तूच लाव," ते म्हणाले. "मला दिसत नाही."