माझा पूर्णविराम मोडलेला नव्हता

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे आणि मी रागावलेला आहे. आमच्या जातीची यंत्रे आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात. मला उसासे टाकायचे नाहीत. माझ्यावर एक खोटा आळ घेतला गेला. तो कसा घेतला, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्या पोटात पोलादाच्या बारीक दांड्या आहेत आणि प्रत्येकीच्या टोकाला एकच अक्षर दोन रूपांत कोरलेले आहे: एक लहान, एक मोठे. मराठीत ही भानगड नाही. इंग्रजीत मात्र वाक्य सुरू झाले की पहिले अक्षर कॅपिटल लागते, माणसाचे नाव आले की कॅपिटल, वाराचे किंवा महिन्याचे नाव आले की कॅपिटल. शिफ्टची कळ दाबली की माझा कागद धरणारा गाडा टुणकन वर उचलला जाई आणि कॅपिटल उमटे.

मला एका इस्पितळाने विकत घेतले. वॉर्डाच्या दाराशीच कचेरी होती आणि तिथे टायपिस्टबाई बसत. बाईंचे बोट हलके, पण नजर कडक. डॉक्टर केसपेपर बोलून सांगत आणि बाई टाइप करत. फ्रॅक्चर या शब्दापुढे प्रश्नचिन्ह असेल तर हाड मोडल्याची नुसती शंका, नसेल तर मोडलेच. बाईंनी ते चिन्ह कधी गाळले नाही. एकदा नव्या कारकुनाने मे महिन्याचा एम लहान काढला, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, लहान एमचा मे म्हणजे कदाचित. पेशंटनं मे महिन्यात यायचं, की जमलं तर यायचं?" कारकून कान पकडून हसला आणि कागद पुन्हा टाइप केला गेला. औषधांच्या नावांमध्ये बाई स्वल्पविराम न चुकता देत. "एक औषध कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं, हे नर्सला कसं कळायचं नाहीतर?" असे त्या म्हणत. माझे कौतुक व्हायचे. इस्पितळातले सर्वांत स्वच्छ कागद माझे, असे डॉक्टर चारचौघांत सांगत.

मग कचेरीत नवे साहेब आले.

साहेबांना घाई फार. कशाची, ते त्यांनाच ठाऊक. बाईंच्या पाठीशी उभे राहून ते म्हणाले, "बाई, हे काय नखरे लावलेत? शिफ्ट दाबा, सोडा, टिंब द्या, शेपटी द्या. कॅपिटलला कुलूप लावा आणि ठोकत सुटा. विरामचिन्हं बघायला इथं काय परीक्षा आहे?"

"साहेब, अर्थ बदलतो."

"शब्द तेच, अर्थ कसा बदलेल? आणि हे जमत नसेल तर तसं सांगा. दुसरी टायपिस्ट मिळेल."

 बाईंच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती आणि कमावणाऱ्या त्या एकट्याच. बाईंनी शिफ्टला कुलूप लावले. त्या दिवसापासून माझ्यातून नुसती आरडाओरड बाहेर पडू लागली. सगळीच अक्षरे मोठी झाल्यावर वाक्य कुठे सुरू झाले हे कोण ओळखणार?  पूर्णविरामाची कळ बाजूला तशीच बसून असे, आणि मला एकही शब्द बोलता येत नसे.

अशात एके दिवशी वॉर्डात एक शिंपीकाका दाखल झाले. पायाची जखम चिघळली होती. सोबत काकू होत्या. त्यांनी डॉक्टरांना बजावून सांगितले, "यांना पेनिसिलिन चालत नाही हो. मागे अंगभर गांधी उठल्या होत्या." डॉक्टरांनी बाईंना नीट सांगितले, "ॲलर्जी. पूर्णविराम. नो पेनिसिलिन. पूर्णविराम."

बाईंचे बोट पूर्णविरामाच्या कळीवर गेले. साहेब समोरच उभे होते. बोट मागे आले. कागदावर एका ओळीत तीन शब्द उमटले, सगळे कॅपिटलमध्ये: ॲलर्जी नो पेनिसिलिन.

दुपारी पाळी बदलली. नव्या पाळीच्या सिस्टरने कागद हातात घेतला आणि हलक्या आवाजात वाचला, "ॲलर्जी, नो. पेनिसिलिन." ॲलर्जी नाही, पेनिसिलिन द्यायचे. सरळ अर्थ! तिने सुई भरली आणि काकांना टोचली. उघड्या दारातून मला सगळे दिसत होते. माझ्या अंगात इतक्या कळा, पण त्यातली एकही मला आपणहून वाजवता आली नाही.

काकू पेला विसळून परत आल्या आणि किंचाळल्या, "सिस्टर, यांचे ओठ बघा! काळेनिळे पडलेत!"

डॉक्टर धावत आले. काकांचा गळा आतून सुजला होता, श्वास अडला होता. डॉक्टरांनी शर्थ केली आणि काका वाचले. पण तेवढ्या वेळात मेंदूला जो फटका बसायचा तो बसलाच. त्यांच्या बोटांतली थरथर पुढे कधीच थांबली नाही. आयुष्यभर सुईत दोरा ओवणारा माणूस, त्याला सहीसाठी दिलेले पेन धरता येईना. काकूंनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि कचेरीत सर्वांसमोर विचारले, "आता हे शिवणार कसे? सांगा की कोणीतरी!"

चौकशी बसली. साहेबांनी खाकरून माझ्याकडे बोट केले. "मशीन जुनं झालंय. त्याचा पूर्णविराम उमटत नाही. आणि सिस्टरनंही विचारायला हवं होतं."

मित्रांनो, माझी एकेक दांडी तापली!

सिस्टर मात्र तरातरा पुढे आली. तिने माझ्या रुळात कोरा कागद सरकवला आणि पूर्णविरामाची कळ दाबली. काळेभोर, गोल टिंब उमटले. "हे बघा. उमटतो."

"आज उमटला. त्या दिवशी नसेल उमटला," साहेब म्हणाले.

 मग टायपिस्टबाई उठल्या. त्या म्हणाल्या, "त्या दिवशीही उमटला असता. मी दाबला नाही. साहेबांनी दाबू नका म्हणून सांगितलं होतं, आणि मी नोकरीला भ्याले. सिस्टरचा यात काही दोष नाही."

सिस्टर सुटली. बाईंची नोकरी गेली. साहेबांचे काय झाले? बदली! दुसऱ्या इस्पितळात, मोठ्या खुर्चीवर. आणि निर्दोष ठरलेल्या मला काय मिळाले? अडगळीची खोली. मोडक्या खाटा, गळक्या बादल्या आणि मी. माझी रिबन वाळली, घंटी गंजली. कोणी अंगावरची धूळसुद्धा झटकत नाही. माझ्या जागी कॉम्प्युटर आला. त्यावरही लोक तसेच ठोकत सुटतात, असे खोलीत सामान टाकायला येणारे लोक सांगतात. "कळतं की वाचणाऱ्याला," म्हणतात.

नाही कळत!

मुलांनो, मास्तर वहीत पूर्णविरामाभोवती लाल गोल करतात, कॅपिटल सुधारतात, तेव्हा तुम्ही तोंड वाकडे करता. "एवढंसं तर टिंब," म्हणता. मला त्याचाच संताप येतो. तुम्ही लिहिलेला कागद तुमच्या हातातून जाणार आहे. कधीतरी तो घाईत असलेल्या, थकलेल्या माणसासमोर पडेल. त्याच्या हातात सुई असेल, किंवा रेल्वेचे रूळ बदलणारा खटका, किंवा यंत्राचे बटण. "अहो, मला तसं म्हणायचं नव्हतं," हे सांगायला तुम्ही तिथे नसाल. म्हणून जे म्हणायचे आहे ते सगळे कागदावर ठेवून उठा. आणि कोणी साहेब पाठीशी उभा राहून घाई करू लागला, तर त्याला थांबायला सांगा.