दाराजवळची आठ झाडं

अर्ज टंकून तयार होता. ‘प्रयोगशाळा सहायक श्री. दिगंबर टिकेकर यांनी माझ्या प्रयोगाच्या झाडांवर गुपचूप विष फवारल्याची माझी खात्री झाली आहे.’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. सही तेवढी राहिली होती.

सोमवारी दिगंबरच्या कायम नोकरीचे कागद दिल्लीला जायचे होते. त्याआधी माझा अर्ज साहेबांच्या टेबलावर पोचला, तर कागद जाणार नव्हते आणि त्याची चार वर्षांची तात्पुरती नोकरीही सुटणार होती.

१९५६ सालचा फेब्रुवारी होता. आमच्या प्रयोगशाळेला जमीन नव्हती, म्हणून मी तंबाखूची चोवीस झाडं कलकत्त्यातल्या बालीगंजच्या आमच्या घरी, गच्चीत कुंड्यांमध्ये लावली होती. वडील गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत. घरी आम्ही दोघं आणि वडिलांची मोठी बहीण, वृंदाआत्या. स्वयंपाकघराचं मागचं दार गच्चीत उघडायचं. गच्चीला बाहेरून वेगळा जिना होता. त्या जिन्याने दिगंबर सकाळी येऊन झाडांना पाणी घाली, पाण्याच्या वहीत नोंद करी आणि पानं घेऊन जाई.

झाडांच्या तीन रांगा होत्या, प्रत्येकीत आठ. पहिलीला खत नाही, दुसरीला थोडं, तिसरीला भरपूर. तंबाखूचं निकोटीन म्हणजे झाडाने किड्यांसाठी ठेवलेलं विष, अशी माझी समजूत होती. ते मुळांत तयार होतं आणि पानांत चढतं. खत मिळालेलं झाड ते जास्त करील, उपाशी झाड कमी. म्हणून बिनखताच्या पानांवर अळ्या जोमाने वाढायला हव्या होत्या.

पण मरत होत्या त्या तिथेच. स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या त्या पहिल्या आठ झाडांची पानं दिली की काचेच्या बशीतल्या अळ्या दोन दिवस कुरतडल्यासारखं करत, मग आक्रसून पडत.

“अळ्यांनी सिगारेट सोडली वाटतं,” दिगंबर बशीत डोकावत म्हणाला.

दिगंबर कलकत्त्यातच जन्मलेला. घरी मराठी, पण वहीत टिपणं बंगालीत लिहायचा. मला बंगाली बोललेलं समजायचं, वाचता येत नव्हतं. त्याचं काम फवारणीच्या औषधांचं होतं आणि माझ्या प्रयोगाची तो उघड थट्टा करी.

“झाडं स्वतःच लढायला लागली तर आमचे पंप मोडीत काढायचे का, कालिंदीताई?”

आधी मी हसत असे. मग एक दिवस त्याच्या कपाटातली निकोटीन सल्फेटची, फवारणीच्या विषाची बाटली बोटभर खाली गेलेली दिसली.

“ही कुठे वापरलीत?”

“वापरली एके ठिकाणी.”

“वहीत नोंद नाही.”

“सगळंच वहीत लिहायचं नसतं, ताई.” त्याने साहेबांच्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि कपाट लावून घेतलं.

त्या दिवसापासून मला सगळं निराळं दिसू लागलं. पहिल्या रांगेला फुलं जवळजवळ नव्हतीच. फवाऱ्याने गळाली असणार. पानं जास्त जाड आणि गडद होती. तोही फवाऱ्याचाच परिणाम. मी निम्मी पानं धुऊन अळ्यांना दिली, निम्मी न धुता. दोन्हींवर अळ्या मेल्या. विष वरवरचं असतं तर धुतलेल्या पानांवर त्या जगायला हव्या होत्या. पण मी स्वतःला सांगितलं, पानात मुरलं असेल. मग पानांचा अर्क काढून त्यातलं निकोटीन मोजलं. तळाशी बसलेल्या पांढऱ्या साक्याचं वजन केलं. पहिल्या रांगेत तिसरीपेक्षाही दीडपट निघालं. त्याच्या बाटलीत जे विष, तेच माझ्या पानांत. झाडही तेच विष बनवतं, हे मला त्या क्षणी सुचलं नाही असं नाही. सुचलं आणि मी बाजूला सारलं.

बाहेरच्या जिन्याच्या दाराला मी कुलूप लावलं. “आठवडाभर येऊ नका, पाणी मी घालीन,” असं दिगंबरला सांगितलं.

“का? माझ्या हाताने झाडांना दृष्ट लागते?”

“घरात पाहुणे आहेत.”

“बरं,” तो म्हणाला. त्याला ते पटलं नव्हतं, आणि तेही मी त्याच्या विरुद्धच धरलं.

दहा दिवसांनी, कुलूप लावल्यानंतर उमललेली कोवळी पानं मी अळ्यांना दिली. त्यांवरही अळ्या मेल्या. त्याच्याकडे दुसरी चावी असणार, असं मी ठरवलं आणि शनिवारी अर्ज टंकला.

रविवारी सकाळी आंघोळ करून मी देवघरात काडेपेटी घ्यायला गेले. आत्याची पूजा नुकतीच आटोपली होती. बाळकृष्णाच्या पायाशी फिकट गुलाबी, नळीसारख्या फुलांचे दोन घोस होते. अन्नपूर्णेच्या डोक्यावर तिसरा.

“आत्या, ही फुलं कुठली?”

“तुझीच की. त्या शोभेच्या झाडांची.”

शोभेची झाडं. तसं मीच तिला सांगितलं होतं. तंबाखू म्हटलं असतं तर तिने एक कुंडी गच्चीत टिकू दिली नसती.

“कधीपासून खुडतेस?”

“झाला असेल महिना. तुळशीला पाणी घालायला जाते तेव्हा. गडियाहाटच्या बाजारापर्यंत माझे गुडघे जातात का फुलांसाठी?”

“सगळ्या झाडांची?”

“छे गं. दाराजवळचीच. पुढे तुम्ही पाणी सांडून ठेवता, पाय घसरतो. सबंध तुरा नखाने खुडला की पुन्हा बाजूने फुटतं. गुणी झाडं आहेत हो.”

“मी कुलूप लावलं होतं.”

“ते बाहेरच्या दाराला. या दाराला कडी आहे.” ती हसली. “माझ्यासाठी होतं का ते कुलूप?”

मी पाटावर बसले. तुरा खुडला की तंबाखूचं पान कडक होतं, हे तंबाखू लावणारा कुणीही सांगतो. झाड जखमी होतं, मुळं जास्त निकोटीन करतात, आणि बी धरण्याऐवजी झाड पानांत विष साठवतं. मी हे पुस्तकात वाचलं होतं. म्हणूनच माझी झाडं खुडायची नाहीत, असं प्रयोगाच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं. घरातच कुणी खुडत असेल, हे मात्र मनात आलं नाही.

“आत्या, ती तंबाखू आहे.”

 तिने घोस उचलले, देव ताम्हनात घेतले आणि पुन्हा आंघोळ घालू लागली.

“महिनाभर,” ती पुटपुटली. “आणि तू रोज इथेच नमस्कार करून जात होतीस.”

सोमवारी मी लवकर गेले. दिगंबर कपाट पुसत होता. मी पाण्याची वही त्याच्यापुढे ठेवली.

“या शेरे म्हणून लिहिलेल्या ओळी वाचून दाखवा.”

“तुम्ही वाचल्या नाहीत?”

“पाण्याच्या वेळा असतील असं वाटलं.”

त्याने बोट ठेवलं. “एकवीस जानेवारी. दाराकडच्या रांगेचे तुरे कुणीतरी खुडलेत. तीस जानेवारी. पुन्हा खुडले. चार फेब्रुवारी. पुन्हा, नखाने.” त्याने वही मिटली. “मला वाटलं, तुम्हीच खुडताय. आणि मला सांगत नाही.”

“आणि ती बाटली?”

“साहेबांच्या बाईंच्या गुलाबांवर मावा कीड पडलीय, तिथे फवारलं. आता कुठे लिहू ते?”

मी पिशवीतून अर्ज काढून त्याच्या हातात दिला. तो न देता फाडता आला असता. त्याने सावकाश वाचला. सहीच्या मोकळ्या जागेवर त्याची नजर राहिली.

“कागद गेले का दिल्लीला?” मी विचारलं.

“अकराला जातात.” त्याने अर्जाची घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली. “हा माझ्याकडे राहू दे.”

“ठेवा. दिगंबर, आता तिसऱ्या रांगेतल्या चार झाडांचे तुरे मुद्दाम खुडायला हवेत. चार तशीच ठेवायची. तरच कळेल.”

“खुडतो. पण जिन्याच्या कुलपाची चावी मला द्या. आणि स्वयंपाकघराच्या दारालाही एक कुलूप आणा.”

“ते कशाला? आत्या आता नाही खुडणार.”

“आत्यांसाठी नाही म्हणत मी. तुमच्यासाठी म्हणतोय,” तो म्हणाला आणि हात पुढे केला.

मी चावी दिली.