वहीत न लिहिलेली ओळ

तिचं पत्र येऊन एकोणीस दिवस झाले होते आणि मी ते पुस्तकात खूण म्हणून ठेवलं होतं. उत्तर पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. म्हणूनच दिलं नव्हतं.

ग्रंथालयातले संगणक मी बावीस वर्षं सांभाळले. आता माझ्या जागी ती आहे. तिनं लिहिलं होतं : ‘सर, बॅकअपचा सर्व्हर नव्या पत्त्यावर नेला, तेव्हापासून रोजचा बॅकअप अडतोय. नावांच्या सर्व्हरला विचारलं तर तो नवा पत्ता बरोबर सांगतो, तरी बॅकअप जुन्याच दारावर धडका देतो. बदलांची वही दोनदा वाचली, त्यात काही नाही. महिनाअखेरीपर्यंत सुटलं नाही तर हे काम माझ्याकडून काढून घेणार आहेत. तुमचा फोन लागत नाही. काही आठवतं का?’

फोन लागत होता. मी उचलत नव्हतो.

पाच वर्षांपूर्वी एका दुपारी नावावरून मशीनचा पत्ता सांगणारा तो नावांचा सर्व्हर बंद पडला, तेव्हा मी कॅटलॉगच्या लिनक्स मशीनवर, होस्ट्स फाईलमध्ये, बॅकअप सर्व्हरचं नाव आणि तेव्हाचा पत्ता हातानं लिहिला होता. मशीन आधी त्या फाईलमध्ये बघतं, मगच बाहेर विचारतं. उद्या पुसू म्हटलं. पुसलं नाही, वहीतही लिहिलं नाही. आणि माझ्या हाताखाली असताना एका केबलची नोंद राहिली म्हणून याच मुलीला मी सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं.

काल ताईनं ते पुस्तक उघडलं. पत्र वाचून चष्मा काढला.

“उत्तर येत नाही तुला?”

“येतं. पण चूक माझी आहे, ताई.”

“ती लहानपणापासून तुझीच असते. पोरीनं का भोगायची? फोन कर.”

“आवाज फुटणार नाही.”

“मग पेन घे. गावातलं पत्र, उद्या पोचेल. महिना संपायला चार दिवस आहेत.”

तीन कागद फाडले. तिन्हींत मी कारणंच देत बसलो होतो. चौथ्यावर लिहिलं : ‘कॅटलॉगच्या मशीनवरची होस्ट्स फाईल उघड. शेवटची ओळ पूस. ती माझी आहे, मी नोंदवली नव्हती. हे पत्र ग्रंथपालांना दाखव आणि वहीत माझ्या नावानं चूक लिही. केबलच्या वेळी जे बोललो, त्याबद्दल माफ कर.’

टपालपेटीपाशी हात अडला.

“आता हेही पुस्तकात खूण म्हणून ठेवणार का?” ताई मागून म्हणाली.

मी पत्र आत सोडलं.