माहेरच्या समुद्राचा कलश

१९९६ च्या वैशाखात एका सकाळी, जुन्या भाड्याच्या घरात उमाकांतराव गुडघ्यांवर बसून प्रवाळाचे जिवंत दगड आणि केशरी माशांची जोडी खाऱ्या पाण्याच्या टबांत उतरवत होते. आनेकल रस्त्यावरच्या नव्या घरात त्यांनी दिवाणखान्याची अख्खी भिंत काचेच्या टाकीसाठी सोडली होती. मंगळूरहून कॅन भरभरून आणलेलं समुद्राचं पाणी तिथं महिनाभर फिरत होतं. आज वास्तुशांत, संध्याकाळी प्रवाळ त्या पाण्यात जायचं.

“माझ्या देवांना कोनाडा, आणि सवतीला भिंत!” भांडी पोत्यात भरता भरता कावेरीबाई म्हणाल्या.

“कोनाडा पूर्वेला आहे.”

“सरी, सरी, कळलं. आधी तिला न्या. मी येते भावाबरोबर.”

जुन्या टाकीलाही त्या सवतच म्हणत. कधी बोट लावलं नाही. टाकीचं सामान विकणाऱ्या देवाप्पानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “सार, पाण्यात तांबं स्वल्पसुद्धा नको. प्रवाळ मरतं.” तेव्हापासून उमाकांतराव टाकीत हात घालण्याआधी बोटातलं तांब्याचं वळं काढून ठेवत. बायकोला हे कधी सांगितलं नाही. तिनं ऐकलंच नसतं.

दुपारी कावेरीबाईंनी उजवं पाऊल टाकून नव्या घरात प्रवेश केला. हातात तांब्याचा कलश. घरभर पाणी शिंपडून उरलेलं तुळशीला घालायचं, ही रीत. पण त्या थेट टाकीपाशी गेल्या, नारळ काढून भावाकडे दिला आणि स्टुलावर चढल्या.

“अगं, काय करतेस?”

“कारवारच्या समुद्राचं पाणी आहे. भाऊ घेऊन आला. रात्रभर कलशात, देवांपुढे होतं.” त्यांनी मागे पाहिलं नाही. “आलीच आहे घरात, तर माझ्या माहेरचं थोडं घेऊ दे तिलाही.”

उमाकांतरावांचा हात वर गेला. मग खाली आला आणि त्यानं डगमगणारं स्टूल धरलं.

“सावकाश,” ते म्हणाले.

कलश पुरता रिकामा झाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी टब उघडले नाहीत. “पाणी अजून मुरायला हवं,” एवढंच ते म्हणाले. कावेरीबाई भावाबरोबर कारवारला गेल्या, तशी त्यांनी टाकी उपसली, तळाची वाळू बदलली, मंगळूरहून पुन्हा पाणी मागवलं. तोवर टबांतलं निम्मं प्रवाळ पांढरं पडलं होतं. केशरी माशांची जोडी तेवढी तगली.

“मानवलं का हो तिला माझं पाणी?” परत आल्यावर पिशवीही खाली न ठेवता त्यांनी विचारलं.

“मानवलं की.”

तीन वर्षांनी मुलीची, श्वेताची वास्तुशांत होती.

“कलश स्टीलचा घे,” कावेरीबाई म्हणाल्या.

“आई, तांब्याचा लागतो ना?”

“काही लागत नाही. देवाप्पाच्या दुकानात गेले होते मागे माशांचं खाणं आणायला. शहाणा आहे तो.”

उमाकांतरावांनी पेपरातून मान वर काढली. कावेरीबाई आंब्याची पानं पुसत होत्या, एकेक, दोन्ही बाजूंनी.

त्याबद्दल दोघंही पुढं कधी बोलली नाहीत. देवाप्पा दुकान विकून गावी गेला. श्वेता पुण्याला गेली. उमाकांतराव झोपेतच गेले, टाकीसमोरच्या खुर्चीत. त्यांचं वळं आता कावेरीबाईंच्या बोटात असतं. टाकीत हात घालायच्या वेळी मात्र त्या ते काढतात आणि देवांच्या कोनाड्यात ठेवतात.