हातगाडीवरची बोट

खट्ट. पुढच्या खोलीची कडी आतून लागली.

सकाळपासून घरात कोणी फारसं बोललं नव्हतं, त्यामुळे तो एवढासा आवाजही थेट स्वयंपाकघरापर्यंत आला. डब्याला झाकण लावता लावता सून थांबली. दिवसाढवळ्या त्या खोलीला कडी कोणी लावत नसे. तिनं दारापाशी जाऊन हाक मारली, तर आतून सासूबाई म्हणाल्या, काही नाही गं, खोली झाडतेय. आवाज नेहमीसारखाच होता, आणि तेच तिला बरं वाटलं नाही. पण बाहेर नगरपालिकेची जीप येऊन उभी होती, लेक चपला घालून कधीची अंगणात नाचत होती, आणि आज शहरात पुराचा सराव होता. ती निघाली. एरवी सासूबाई दारात येऊन उभ्या राहत. आज आल्या नाहीत.

सुनेचं काम आवाजाचं. नगरपालिकेच्या आपत्ती कक्षात ती माइकपुढे बसे आणि नदीकाठच्या खांबाखांबावर लावलेल्या भोंग्यांतून तिचा आवाज गल्लीबोळांत जाई. हा सराव आहे, घाबरू नका, पिशवी घेऊन बाहेर या. कागदपत्रं, औषधं, बॅटरी आणि सुका खाऊ घातलेली ती पिशवी आता घरोघरी दारामागच्या खिळ्याला लटकलेली असे. पूर्वी नदी पिढीतून एखाद्या वेळी घरात शिरायची आणि म्हातारी माणसं त्यावरून वर्षं मोजायची. आता ऊनही वेड्यासारखं आणि पाऊसही वेड्यासारखा. नवा नकाशा घेऊन आलेल्या इंजिनिअरनं तर सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, यापुढे नदीला पाहुणी समजू नका, ती घरच्यासारखी येत-जात राहणार.

म्हणून दर वर्षी सराव. रबरी बोट हातगाडीवर ठेवायची, कोरड्या गल्लीतून दोरीनं ओढत न्यायची, घराघरातली माणसं तिच्यात बसवायची आणि शाळेच्या पटांगणात नेऊन उतरवायची. पोरं मागं धावायची. चाकं लागलेली बोट बघून हसता हसता त्यांची पुरेवाट व्हायची.

आणि या सगळ्यात भाव खाऊन जायचे ते सुनेचे सासरे. सगळी गल्ली त्यांना आजोबाच म्हणे. एका वर्षी कुणीतरी सुचवलं की पुरात हटून बसणारी म्हातारी माणसं असतातच, तेव्हा सरावातही तसं कोणीतरी हवं. ते काम आजोबांकडे आलं आणि त्यांना असं काही मानवलं की विचारायची सोय नाही. पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, आपल्या खुर्चीत ते पाय रोवून बसत. बोट दारात आली की म्हणत, "मी येत नाही. आधी शेजारच्यांना घ्या." बोटीवरचा प्रमुख, ज्याला मुलं दोरीवाले काका म्हणत, आधी विनवण्या करी, मग दटावी, आणि शेवटी हात जोडून पुढच्या घराकडे वळे. सगळ्यात शेवटच्या फेरीला आजोबा उठत, लग्नाला निघाल्यासारखे केस विंचरत, बोटीत बसून दोन्ही बाजूंना हात हलवत शाळेत येत. ते उतरले की मगच सून माइकवर म्हणे, सराव संपला. मग चहा. नातीच्या डोक्यात हे अगदी पक्कं बसलं होतं. आजोबा आले की संपतं.

मागच्या वर्षी नदी खरंच आली.

हा सराव नाही, असं सुनेनंच माइकवरून सांगितलं होतं. बोट दारात आली तेव्हा पाणी पायरीला लागलं होतं. आजोबांनी बायकोला आणि नातीला बोटीत बसवलं, आपण जाऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आधी शेजारच्यांना घ्या." शेजारी बाळंतीण होती. काका हसले. सासूबाईही हसल्या आणि निघता निघता म्हणाल्या, बसा मिरवत. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांना शेवटी आणायचं, हे सगळ्यांच्या हातापायांना सवयीचं झालं होतं. वरच्या अंगाचा बांध फुटला तेव्हा बोट शाळेपाशी होती. ती परत आली तोवर पाण्याच्या दाबानं दार हलेना.

शाळेत त्या दिवशी नात विचारत राहिली, आणि सासूबाई सांगत राहिल्या, येतील गं, ते शेवटीच येतात. ते वाक्य नंतर कुणी परत घेतलं नाही.

सासूबाई त्यानंतर हसत नव्हत्या असं नाही. नातीशी खेळताना हसत. पण कुणी घराबाहेर पडायला निघालं, की त्यांचं बोलणं आटे. नुसत्या दारात उभ्या राहत, माणूस वळणापलीकडे दिसेनासं होईपर्यंत.

गेल्या आठवड्यात दोरीवाले काका घरी आले होते. चहाचा कप हातात नुसताच धरून, खाली बघत त्यांनी सुनेला सांगितलं, की या वर्षी ते हटून बसणाऱ्याचं काम राहू द्यावं, माणसांच्याने होणार नाही. तिलाही ते पटलं. खरं म्हणजे तिला हायसं वाटलं. सासूबाई आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. तिथवर सगळं ऐकू जात होतं.

सराव सुरळीत चालला होता. सून शाळेच्या ओसरीवर माइकपाशी बसून भोंग्यांवरून गल्ल्यांची नावं पुकारत होती, हातगाडी कुरकुरत ये-जा करत होती. मग वॉकीटॉकी खरखरला.

"ताई, आजी दार उघडत नाहीत. येत नाही म्हणतात."

"सरावातलं म्हणतात, की खरं?"

"तेच कळत नाही," काका म्हणाले. "तुम्हीच या."

माइक दुसऱ्याच्या हाती देऊन, लेकीला शिक्षिकेपाशी बसवून ती निघाली. गल्लीत शिरली तर बोट त्यांच्याच पायरीशी थांबलेली. काका खिडकीच्या गजांना धरून वाकले होते. शेजारीण पिशवी खांद्याला लावून आपल्या दारात उभी होती, आणि तिचं त्या वेळचं तान्हं बाळ आता तिचं बोट धरून स्वतःच्या पायांवर उभं होतं.

सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. पुरानंतर उन्हात वाळवून, पुसून जागच्या जागी ठेवलेल्या त्या खुर्चीत इतके महिने कोणी बसलं नव्हतं.

"आई, हे काम या वर्षी नाही ठेवलेलं," ती हळूच म्हणाली.

"तुम्ही नाही ठेवलं," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून काय माणसं हटून बसायची थांबणार आहेत? मी येत नाही. आधी शेजारच्यांना घ्या."

शब्द तेच होते, त्याच क्रमानं. गल्लीत कुणी हसलं नाही. काकांनी बाहीनं तोंड पुसलं. एरवी नदीलाही दमात घेणारा तो माणूस सुनेकडे असा बघत राहिला, जणू तिनं सांगितलं तर तो जाईल आणि तिनं सांगितलं तर थांबेल.

सासूबाईंचे डोळे खिडकीबाहेर नव्हतेच. बोटीकडे न बघता त्या बोलल्या. "बघू तरी, मला ठेवून जाता का."

तेव्हा सुनेला कळलं की दार उघडा म्हणून विनवण्यात अर्थ नाही. विनवण्या या घरानं भरपूर ऐकल्या होत्या. आज वळून पुढच्या घराकडे गेलं, तर ही बाई पुन्हा कधीच या खोलीतून बाहेर येणार नाही. पाणी असो नाहीतर नसो.

"कडी तोडा," ती काकांना म्हणाली.

"ताई, दार खरं आहे. सरावासाठी म्हणून..."

"तोडा, काका."

त्यांनी खांदा लावला. पुरात भिजून फुगलेल्या चौकटीत स्क्रू नावापुरतेच धरून होते. एका धक्क्यात कडी सुटली आणि खळ्ळकन फरशीवर पडली. काकांनी आणि त्यांच्या माणसानं खुर्चीसकट सासूबाईंना उचललं. त्यांनी हात झटकले नाहीत की धरलेही नाहीत. खुर्ची बोटीत ठेवली तेव्हा सून शेजारी उभी होती, म्हणून तिला ऐकू आलं.

"तेव्हा एवढंच करायचं होतं," सासूबाई म्हणाल्या.

त्या कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. काकांनी मात्र मान फिरवली आणि दोरी खांद्यावर घेतली. वाटेत दोघातिघांनी हात पुढे केला, पण शाळा येईपर्यंत त्यांनी ती कुणाला दिली नाही. सून बोटीच्या कडेवर हात ठेवून चालत राहिली. सासूबाईंच्या मांडीवर त्यांचे दोन हात शाळेतल्या मुलीसारखे नीट ठेवलेले होते, आणि रडणं आवाज न करता चाललं होतं.

मग शेजारीण आली, तिच्यामागून राहिलेल्या गल्लीतली माणसं आली. हातगाडी पटांगणाच्या कोपऱ्यात रिकामी उभी राहिली. चहाचं पातेलं ओसरीवर आलं. काकांनी दुरूनच हात वर केला, सगळे आले.

सुनेनं माइक हातात घेतला आणि बटण दाबलं. खांबाखांबावर भोंगे खरखरले. लोक तिच्याकडे बघू लागले. तेवढ्यात लेक गर्दीतून वाट काढत आली, गळ्यात सरावाचं हिरवं कार्ड, तोंडाला बिस्किटाचा चुरा. तिनं एकदा रिकाम्या हातगाडीकडे बघितलं, एकदा फाटकाकडे, आणि आईचा माइकचाच हात धरून खाली ओढला.

"आई, आजीला आज आधी आणलं ना," तिचा बारीक आवाज भोंग्यांतून नदीपर्यंत गेला. "मग काका आता आजोबांना आणायला कधी जाणार?"