टाकून दिलेलं नाव

ए, ऐका ना गं! मी जन्मनोंदणीच्या खिडकीत बसते ना, तर आज पुन्हा माझं जुनं नाव आलं, या महिन्यातलं चौथं! शाळेत सगळे 'म्हातारीचं नाव' म्हणून चिडवायचे, म्हणून मी अठराव्या वर्षी हट्टाने बदललं, तेच! बाळाच्या आईने ते इंटरनेटवरून शोधलेलं, ती विचारते, "मॅडम, हे म्हणायचं कसं हो?" मी बाबांसारखं मधलं अक्षर लांबवून म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "अय्या, किती गोड!"

नाव बदलल्यापासून बाबा मला नुसतं 'अगं' म्हणतात. घरी गेल्या गेल्या त्यांना म्हटलं, "बाबा, एकदा जुन्या नावाने हाक मारा ना."

त्यांनी तोंड उघडलं, मग मान हलवली. "माझ्या आईचं नाव होतं ते. तुला नको होतं ना? आता जिभेवरच येत नाही गं."